घर विकणे आहे

मुखेडचं आमचं घर विकायला काढलं आहे. बहुतेक नातेवाइकांपर्यंत बातमी आधीच पोचली आहे, तेव्हा "आम्हाला कुणी सांगितलं नाही" अशी तक्रार आता कुणी करू नये. ज्या ब्लॉगवाल्या मित्रांनी मुखेडचं नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बालाघाटच्या डोंगररांगेतलं, तेलंगण आणि कर्नाटकाच्या हद्दीजवळचं. दशरथेश्वराच्या चालुक्यकालीन देवळातली शिल्पं बघायला अधूनमधून कुणी अभ्यासक येतात. एरवी बाजाराला, कोर्टकचेरीला आणि दवाखान्याला आलेली आसपासच्या खेड्यांतली माणसं हीच गावाची गर्दी. बोलणं मराठीच, पण त्यात उर्दू, तेलुगू, कानडी असं सगळं मिसळलेलं.

दलालाने घराचं वर्णन फार छान केलं आहे. "जुना वाडा, अकरा खण, पूर्ण सुधारणा केलेला. पुढे स्लॅब, मागे पत्रे, बोअर, नळ, संडास-बाथरूम घरात. बाजारपेठेपासून जवळ." यात खोटं काही नाही. पण "पूर्ण सुधारणा केलेला" हे वाचून मी जरा थांबलो. या घरातली प्रत्येक सुधारणा कुठल्या ना कुठल्या धक्क्यानंतर झालेली आहे. आम्हाला हौस होती म्हणून असं क्वचितच झालं. विकण्याआधी कागदपत्रं जुळवायला बसलो आणि त्या कागदांतून जे हाती आलं ते लिहून ठेवावं असं वाटलं. पुढच्या पिढीला घर मिळणार नाही, निदान त्याची हकीकत तरी मिळावी.

कागदांत सगळ्यात जुना कागद उर्दूत आहे. निजामाच्या राज्यात सरकारदरबारची भाषा उर्दू, त्यामुळे त्यात नवल नाही. मराठवाड्यात ज्याच्या घरी जुनी ट्रंक आहे त्याच्याकडे असे दोन-चार कागद असतात आणि ते वाचता येणारं घरात कुणी नसतं. आमचा कागद नांदेडच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी वाचून दिला. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र त्यांनीच पाजला. कागद खरेदीचा आहे. सन १३५९ फसली. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हा १९४९-५० चा व्यवहार. किंमत १,४०० रुपये, सिक्का हाली. निजामाचं नाणं वेगळं होतं, त्याला हाली म्हणत. इंग्रजी राज्यातला रुपया तो कलदार. सात हालीचे सहा कलदार असा भाव. म्हणजे अकरा खणांचं सागवानी घर आजोबांना १,२०० कलदार रुपयांना पडलं.

घर देणारे गावातले एक मुसलमान गृहस्थ होते. त्यांचं नाव कागदावर आहे, इथे देत नाही. कागदात पुढे असं लिहिलं आहे की देणार हैदराबादेस राहावयास जात असल्याने ही मिळकत राजीखुशीने देत आहे.

"राजीखुशीने" हा शब्द प्रत्येक खरेदीखतात असतो. आम्ही आता करू त्यातही असेल. पण सन १३५९ फसली म्हटल्यावर तो शब्द नुसता वाचून पुढे जाता येत नाही.

ज्यांना हा इतिहास ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान भारतात आलं नाही. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकारांनी पुढचं वर्षभर गावोगाव जो धुमाकूळ घातला त्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी आजी-आजोबांकडून ऐकल्या आहेत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, हद्दीपलीकडे कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. नांदेड जिल्ह्याला जवळचं म्हणजे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडातलं उमरखेड. आमच्या आजोबांनीही १९४८ च्या उन्हाळ्यात आजीला आणि लेकरांना तिकडेच पाठवलं होतं. तेव्हाचं आमचं घर खेड्यात होतं. त्याला कुलूप लावून निघाले ते चार महिन्यांनी परतले, तेव्हा कुलूप जागेवर होतं आणि दार नव्हतं! हा किस्सा आजी हसत हसत सांगायची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन.

इथपर्यंतचं शाळेतही शिकवतात. त्याच्या पुढच्या काही आठवड्यांत जे झालं ते आमच्या घरात कुणी सांगितलं नाही. पोलीस ॲक्शननंतर संस्थानात अनेक ठिकाणी मुसलमानांवर सूड उगवला गेला. रझाकार कोण होता आणि साधा विणकर, शेतकरी कोण होता हे बघायला कुणी थांबलं नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीसाठी पाठवलं. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली, आणि सर्वाधिक झळ लागलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हा अहवाल कितीतरी वर्षं दडून राहिला, २०१३ मध्ये कुठे तो लोकांना दिल्लीत बघायला मिळाला.

मुखेडच्या त्या गृहस्थांवर नेमकं काय बेतलं हे सांगणारं घरात कुणी उरलेलं नाही. पण आजोबांच्या हिशेबाच्या वहीत त्याच वर्षी घेतलेल्या बैलजोडीची किंमत आहे. ती बघितल्यावर मी मनात भागाकार केला. दोन बैलजोड्यांत घर आलं होतं.

आमच्याकडे हे नेहमी असं सांगितलं जायचं की आजोबा व्यवहाराला पक्के, योग्य वेळी घर घेतलं. वेळ योग्य होती ती घेणाऱ्याला. देणाऱ्याकडे वेळच नव्हता. घराची किंमत भिंती, लाकूड, जागा यांच्यावर ठरते असं आपण म्हणतो, पण जुने व्यवहार चाळले की दिसतं, विकणारा किती दिवस थांबू शकतो यावरही ती तितकीच ठरते. आजोबांनी कुणाला हुसकलं नव्हतं, पैसेही मोजून दिले होते. स्वतःचं दार नसलेलं घर बघून आलेला तो माणूस होता. तरीही त्या घराला भाव कुठला आला ते कागदावर आहेच.

असो. आता घराबद्दल.

घर होतं माळवदाचं. पुण्या-मुंबईकडच्यांना माळवद म्हणजे काय हे सांगावं लागतं. दगडी उथळ्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवं लाकूड, त्यावर पाला आणि त्यावर हातभर मातीचा थर. हे छप्पर सपाट. उजेडाला आणि धूर जायला मध्ये एक भोक, त्याला आम्ही सवणं म्हणतो. पाऊस आला की कुणीतरी वर पळत जाऊन त्यावर परात पालथी घालायची. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर किती मोठं ते खणांत मोजायचं. भिंती दीड-दोन हात जाडीच्या, दगड आणि पांढऱ्या मातीच्या. भिंतीतच कोनाडे, भिंतीतच धान्याचं बळद. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तापमान असताना माजघरात दुपारी झोप लागायची. रात्री सगळी आळी आपापल्या माळवदावर. कुरड्या, पापड, सांडगे, तूर, मिरच्या, सगळं वाळायचं ते तिथेच.

या छपराला दरवर्षी मृगाच्या आधी डागडुजी लागायची. खारी माती आणून पसरायची, चोपायची. खारी माती पाणी आत जाऊ देत नाही. पण जुनी माती काढून नवी घालण्याएवढी सवड आणि मजूर कुणाकडे? जुन्यावरच नवा थर पडायचा. असे थर पन्नास-साठ वर्षं साठत गेले. छपरावर किती वजन झालंय याचा विचार करण्याचं कारणच नव्हतं, कारण खांब हत्तीच्या पायासारखे.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ते कारण मिळालं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. किल्लारी आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. मुखेडला भांडी पडली, लोक रस्त्यावर आले, आमच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मात्र काही क्षणांत मातीचे ढीग झाली. आठ-दहा हजार माणसं गेली. तोवर भूकंपाच्या नकाशावर हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता.

माणसं भूकंपाने मेली त्यापेक्षा घरांनी मारली, असं तेव्हा इंजिनियर लोक सांगत फिरत होते आणि ते खरंच होतं. आमच्यासारख्याच भिंती. जाड दिसायच्या, पण आतला आणि बाहेरचा दगडी थर एकमेकांना बांधलेला नसायचा, मध्ये नुसता मातीगोट्यांचा भराव. हादरा बसला की दोन्ही थर फाकले, आणि वर टनावारी माती. जी माती उन्हापासून राखत होती तीच अंगावर आली. मग सरकारी पत्रकं आली, गवंड्यांची शिबिरं झाली: माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा.

आमच्याकडे १९९४ च्या उन्हाळ्यात माळवद उतरवलं. माती काढायला अकरा दिवस लागले. वडील रोज किती गाड्या माती गेली ते वहीत लिहीत होते, का ते मलाही कळलं नाही. पत्रे पडले. त्या मेमध्ये पहिल्यांदा आमच्या माजघरात दुपारी बसवेना. आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली, "घर उघडं केलाव तुम्ही." मराठवाड्यातल्या गावांतून जाताना आज जे पत्र्यांचं चकाकणारं दृश्य दिसतं ते बऱ्याच अंशी त्या पहाटेनंतरचं आहे. पुढे २००८ मध्ये पुढच्या चार खणांच्या भिंती काढून कॉलम उभे केले आणि स्लॅब टाकला. फरशी, बोअर, संडास-बाथरूम, सगळं तेव्हाचं. सागवानी खांबांपैकी सात अजून उभे आहेत. दलाल म्हणतो, लाकडाचे वेगळे पैसे येतील.

तर हे झालं "पूर्ण सुधारणा केलेला" या तीन शब्दांचं स्पष्टीकरण.

आता हिश्शांबद्दल, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यातच रस आहे :-) घर आजोबांच्या कमाईचं. ते मृत्युपत्र न करता गेले. म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडील, काका आणि दोन्ही आत्या यांचे हिस्से समान. हे मुलींना २००५ मध्ये मिळालं असं पुष्कळांना वाटतं. २००५ ला झालं ते असं की वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलगी जन्मतः हिस्सेदार झाली (महाराष्ट्राने काही प्रमाणात हे १९९४ मध्येच केलं होतं), आणि जुन्या कायद्यातलं कलम २३ रद्द झालं. ते कलम फार मजेशीर होतं. राहत्या घरात मुलीचा हिस्सा आहे, पण भाऊ आपापसात वाटणी करायचं म्हणेपर्यंत तिने वाटणी मागायची नाही! म्हणजे हक्क आहे, पण भावाची इच्छा होईल तेव्हा.

कायदा काहीही म्हणो, आपल्याकडे रीत ठरलेली आहे. विक्रीची वेळ आली की बहिणींना साडीचोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. आमच्याकडेही तसा कागद तयार झाला होता. धाकट्या आत्यांनी लगेच सही केली असती. थोरल्या आत्या ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी कागद पूर्ण वाचायला लावला आणि म्हणाल्या, "हक्क सोडून काय करू? मी उमरखेडहून आले तेव्हा सहा वर्षांची होते. या घरात पहिलं पाणी मी भरलेलं आहे. माझा हिस्सा मला द्या, मग मी तो कुणाला द्यायचा ते बघते." खोलीत कुणी काही बोललं नाही. हक्कसोडपत्र बाजूला ठेवलं गेलं. चार हिस्से होतील. माझ्या मते या घरात १९४९ नंतर घडलेली ही सगळ्यात चांगली सुधारणा आहे.

आता गिऱ्हाईक कोण, ते सांगतो. त्यासाठी आधी मुखेडपासून थोडं लांब, लेंडी नदीवर जावं लागेल.

आपल्या भागात तळ्याकाठी गाव म्हटलं की कंधार आठवतं. राष्ट्रकूटांच्या काळचं ठाणं, किल्ला आणि त्याच्याजवळ जगत्तुंग सागर. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पाणी अडवलं आणि त्याच्या आधाराने वस्ती टिकली. लेंडीचं उलट झालं. मुखेड तालुक्यात गोणेगावजवळ लेंडी नदीवर महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र (आता तेलंगण) यांचं संयुक्त धरण ठरलं, ऐंशीच्या दशकात कामाला सुरुवात झाली. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं ते अर्धवट राहिलं. पैसा, दोन राज्यांचा हिशेब आणि मुख्य म्हणजे पुनर्वसन.

बुडीत क्षेत्रात गाव आलं की घराचं काय होतं याचा कधी विचार केलाय का? घर उभं असतं, माणसं राहत असतात, पण ते विकता येत नाही. बुडणारं घर कोण घेईल? गिऱ्हाईक एकच, सरकार, आणि भावही तेच ठरवणार. त्याला आमच्याकडे मावेजा म्हणतात. घराची सुधारणाही करवत नाही. स्लॅब टाकावा तर उद्या पाणी येईल, न टाकावा तर पाणी यायला अजून वीस वर्षं असतील. मुली मोठ्या होतात, सुना येतात, आणि भिंत आज बांधू की नको हा प्रश्न तसाच राहतो. एक पिढी या प्रश्नात म्हातारी झाली.

२०२५ च्या उन्हाळ्यात धरणाची घळभरणी झाली, म्हणजे नदीची शेवटची मोकळी वाट बंद झाली. काही गावांतली माणसं अजून तिथेच होती. १७ ऑगस्टच्या रात्री पाऊस झाला तो दोनशे मिलिमीटरच्या वर, शिवाय लातूर-उदगीरकडून आणि कर्नाटकातून पाणी आलं. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्याने वेढली. एकट्या रावणगावात सव्वादोनशे माणसं अडकली होती, लष्कराला बोलवावं लागलं. हसनाळमध्ये माणसं दगावली. दावणीला बांधलेली जनावरं दावणीलाच मेली. टीव्हीवर दोन दिवस मुखेडचं नाव होतं. नंतर टीव्ही पुढे गेला.

आमच्या घरासाठी दोन गिऱ्हाइकं आली आहेत. एकाला जागा हवी, घर नको. पाडून खाली दुकानं, वर फ्लॅट. त्याचा भाव चांगला आहे. दुसरं कुटुंब लेंडीकाठच्या एका गावातलं. मावेजाचे पैसे, थोडं सोनं आणि थोरल्या मुलाच्या नोकरीवरचं कर्ज असं जमवून ते आलेत. त्यांचा भाव पहिल्यापेक्षा बराच कमी आहे. आईबापांनी घर बघितलं तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. बाईंनी चूल कुठे होती ते विचारलं. त्यांच्या नवऱ्याने भिंतीवर हात ठेवून विचारलं, "पाणी कुठवर येतं इथं?" येत नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.

काकांचं म्हणणं असं की आपण धर्मशाळा काढलेली नाही. त्यांचं चुकत नाही. त्यांच्या नातीच्या शिक्षणाचे पैसे त्यांना इथूनच उभे करायचेत आणि फरकातला त्यांचा वाटा लहान नाही. माझं म्हणणं मी घरात मांडलं ते असं: १९४९ मध्ये आपल्याला घर स्वस्तात मिळालं कारण समोरचा थांबू शकत नव्हता. या वेळेस विकणारे आपण आहोत, आणि आपण थांबू शकतो. घेणारा थांबू शकत नाही. तो पाण्यातून उठून आलाय. त्याच्या गरजेचा भाव आपण लावायचा का, एवढाच प्रश्न आहे. काका म्हणाले, त्या मुसलमानाचं देणं तू या माणसाला फेडणार का? मी म्हटलं, नाही, ते देणं असं फिटत नाही. हे तसं फेडता आलं असतं तर फार सोपं झालं असतं.

निर्णय शेवटी थोरल्या आत्यांच्या हिश्शाने झाला. त्यांनी सांगितलं, फरकातला काकांचा तोटा माझ्या वाट्यातून भरा, पण घर राहणाऱ्याला द्या. काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बहिणीच्या हिश्शातून मी पैसे घेणार नाही, आपण चौघे सारखं सोसू. इसार झाला आहे. खरेदीखत दिवाळीनंतर.

खरेदीखतात मिळकतीचा मागचा इतिहास लिहावा लागतो, कुणाकडून कुणाकडे आली ते. वकिलांच्या मसुद्यात तो आजोबांपासून सुरू होत होता. मी त्याच्याआधी एक ओळ घालायला सांगितली आहे, मुखेडच्या त्या गृहस्थांच्या पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट, उर्दू कागदावर आहे तशी. वकील म्हणाले, कायद्याने एवढं मागे जायची गरज नाही. पण हरकतही नाही म्हणाले.